चिमण्यांच्या वाटचे धागे

भिण्याच्या बाबतीत रफूवाल्या काकूंचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. घर बंद करून निघाल्या की त्या कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि गॅस बंद केलाय का ते बघायला परत यायच्या. दाराची कडी तीनदा ओढून बघायच्या. फोन वाजला की हात आधी छातीवर जायचा, मग रिसीव्हरवर. पलीकडचा माणूस चुकीचा नंबर लागला म्हणाला की त्यांना इतकं हायसं वाटायचं, की त्या त्याला "बरं झालं" म्हणायच्या.

त्यांचे यजमान घड्याळजी. चाळीस वर्षं लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू केलेला माणूस. बायकोच्या भीतीकडे ते यंत्रासारखंच बघत. म्हणत, "हिची धडधड चालू आहे ना, मग घरात सगळं ठीक आहे. थांबली की मी उघडून बघेन."

कामाला बसलं की मात्र काकूंची भीती कुठल्या कुठे जायची. कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक असो, शालीला उंदरानं लावलेला दात असो, त्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे काढायच्या, उभे भरायच्या, मग एक वर एक खाली करत आडवे विणायच्या. आठ दिवसांनी भोक कुठं होतं ते मालकालाही सांगता यायचं नाही. खिडकीशी त्यांचं टेबल होतं, टेबलासमोर मागच्या अंगणाचं जाळीचं दार. काम करता करता मान वर केली की सगळं अंगण दिसायचं, आणि काकू नि अंगण यांच्यामध्ये जाळी असायची. काकूंना ते तसंच बरं वाटे.

अंगण म्हणजे काय, एक तुतीचं झाड, एक नळ, भिंतीवर ठेवलेलं पाण्याचं मातीचं भांडं. पण तिथली मंडळी काकूंनी घरच्यासारखी मानली होती. जेवणाच्या वेळेला बरोब्बर हजर होणारा आणि पोट भरलं तरी न हलणारा कावळा म्हणजे भाऊजी. सदा घाईत असणारी, एक काम अर्धं टाकून दुसऱ्याकडे पळणारी खार म्हणजे सूनबाई. नळाखालच्या ओलीत दिवसभर फुगून बसणारा बेडूक म्हणजे मामंजी. त्याच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही. भाकरीचे तुकडे, भिजवलेले दाणे, पाणी, सगळं काकू वेळच्या वेळी ठेवायच्या. ठेवून आत यायच्या, दार लावायच्या आणि मग बघायच्या. हात मात्र त्यांनी कधी कशाला लावला नव्हता.

त्याला कारण होतं. काकू आठ वर्षांच्या असताना आत्यानं त्यांच्या तळहातावर कोंबडीचं पिल्लू ठेवलं होतं, पिवळं, लोकरीच्या गुंड्यासारखं. ते पडेल या भीतीनं त्यांनी मूठ मिटली. पडेल, पडेल म्हणून आणखी मिटली. आत्या परत आली तेव्हा पिल्लाची मान बोटांमधून खाली लोंबत होती. आत्या रागावली नाही. एवढंच म्हणाली, "हिच्या हाताला गुण नाही."

आत्या संध्याकाळपर्यंत ते विसरलीही असेल. काकू विसरल्या नाहीत. त्यांना मुलगी झाली तेव्हा महिनाभर त्यांनी तिला एकटीनं आंघोळ घातली नाही. कोणीतरी शेजारी उभं लागायचं. ती मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दूरच्या गावी गेली, तरी मनातलं वाक्य जागचं हललं नाही.

चिमण्यांचं घर ही घड्याळजींची करणी. एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची लाकडी पेटी त्यांच्याकडे पडून होती, यंत्र काढलेली, काच फुटलेली. तबकडीच्या जागी त्यांनी फळी बसवली, फळीला अंगठा आणि तर्जनी जुळवल्यावर होतं तेवढं गोल भोक पाडलं, आणि पेटी अंगणातल्या भिंतीवर वळचणीखाली टांगली. खाली लंबकाची दारं होती, बारीक कडीची, ती तशीच ठेवली. पहिल्याच वर्षी चिमण्यांनी ती घेतली. घड्याळजी म्हणाले, "माझ्या हातनं गेलेल्या घड्याळांत एवढं वेळेवर चालणारं हेच."

आणि त्या घरात धागे घालायची कल्पना काकूंची. रफूच्या कामात कापलेल्या धाग्यांची टोकं फार उरतात. चांगली रफूवाली ती फेकत नाही, डब्यात ठेवते. कधी कुठल्या रंगाची गरज पडेल सांगता येत नाही. वर्ष सरता सरता डबा भरला की काकू तो वेताच्या परडीत उपडा करून ती परडी तुतीच्या फांदीला टांगायच्या. हंगाम संपल्यावर घड्याळजी घरटं उतरवायचे आणि काकू ते टेबलावर ठेवून वाचायच्या. हा तपकिरी, मास्तरांच्या कोटाचा. हा हिरवा, वकीलबाईंच्या शालीचा. हा शेंदरी, तो तर त्या नाटकवाल्याचा, त्यानं अजून अंगरखा नेलाच नाही. गल्लीतले अर्धे कपडे त्या घरट्यात असायचे. काकूंना वर्षभरात याच्याइतकी मजा दुसऱ्या कशात येत नसे.

गेल्या वर्षीपासून मात्र रंग दगा देऊ लागले. गडद निळा आणि काळा एक दिसायचे. राखाडीच्या तीन छटा होत्या, त्यांची एक झाली. काकू कापड खिडकीशी नेत, दिव्याखाली नेत, डोळे चोळत. एकदा ड्रायक्लीनरनं कोट परत आणून दिला. तो बिचारा मवाळ माणूस. काकू, हा निळा आहे, तुम्ही काळा घातलात, एवढंच म्हणाला, आणि काकूंनी ते तीन रात्री ऐकलं. पुढच्या खेपेला त्यानंच एक रीळ आणून दिलं. नायलॉनचा धागा, पाण्यासारखा पारदर्शक. कुठल्याही रंगावर चालतो म्हणाला, जुळवायची भानगडच नाही.

काकूंनी ते रीळ औषधासारखं घेतलं आणि औषधासारखंच लपवलं. घड्याळजींचे हात दोन वर्षांपूर्वी कापायला लागले होते. आधी चहाची बशी वाजायची, मग चिमट्यात चाक राहीना, मग दुकानाची फळी खाली आली ती आलीच. घरातल्या एकाचे हात गेले होते. आता दुसरीचे डोळे चालले आहेत हे कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून काकूंनी सांगितलं नाही. पारदर्शक धाग्यानं काम निभत होतं. सुईत तो ओवताना दिसत नसे, बोटांनी कळे. आणि कापलेली टोकं टेबलावरून तळहातानं गोळा करून त्या सवयीनं डब्यात टाकत होत्या.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले असतील. काकू एका पांढऱ्या टेबलक्लॉथवर वाकल्या होत्या, तेव्हा चिमणीचा आवाज बदलला. रोजची चिवचिव त्यांना पाठ होती. ही तशी नव्हती. एकच टोकदार आवाज, पुन्हा पुन्हा, जणू कोणी पत्र्यावर खिळा ओढतंय. काकूंनी मान वर केली.

पेटीच्या भोकाखाली वीतभर अंतरावर एक पिल्लू हवेत उलटं लटकत होतं. पंख फडफडत होते, थांबत होते, पुन्हा फडफडत होते. चिमणी त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. आणि पिल्लू कशाला लटकलंय ते दिसत नव्हतं. वर काही नव्हतं, मध्ये काही नव्हतं. नुसत्या हवेनं त्याला पायाला धरलं होतं.

घरात न दिसणारी वस्तू एकच होती. ती काकूंच्या टेबलाच्या खणात, मागच्या कोपऱ्यात होती.

 काकूंनी हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज येईना. भिंतीखाली शेजारचं मांजर येऊन बसलं होतं, शेपटी पायाशी नीट गुंडाळून, पाहुण्यासारखं. शेवटी त्यांनी टेबलावरची कात्री खाली पाडली, तिच्या आवाजानं घड्याळजी बाहेरच्या खोलीतून आले.

त्यांनी एका नजरेत काय ते बघितलं. मांजराला हाकललं, स्टूल नेलं, वर चढले, डोक्यावरची टोपी काढून पिल्लाखाली धरली. लंबकाची दारं उघडली. आतून दोन पिल्लं चोची वासून बघत होती, आणि ती दोघंही एकमेकांना अडकलेली होती. घड्याळजींनी कात्री मागितली. जाळीच्या आतून काकूंना कात्रीची पाती एकमेकांवर कटकट वाजताना ऐकू येत होती, पिल्लाच्या काडीएवढ्या पायाशी. दोनदा ती पुढे गेली, दोनदा मागे आली. मग ती त्यांनी खिशात टाकली.

पेटी, घरटं, पिल्लं, टोपी, सगळं तसंच उतरवून त्यांनी आत आणलं आणि काकूंच्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "माझ्याच्यानं होणार नाही. पाय कापीन मी."

मग त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर कुठल्याशा गोठ्यावर अडलेली गाय सोडवायला गेला होता, दुपारपर्यंत यायचा नव्हता. फोनवर त्याची मदतनीस होती. ती दमलेल्या पण स्वच्छ आवाजात सांगत गेली आणि घड्याळजी मोठ्यानं म्हणत गेले, काकूंना ऐकू यावं म्हणून. ओढायचं नाही. ओढलं तर पाय हातात येईल. एकेक वेढा कापायचा. सुटली की घरट्यात ठेवून पेटी होती तिथेच टांगायची आणि लांब जायचं. दुपारपर्यंत थांबू नका, एवढ्याशा जिवाला तासन्‌तास उपाशी ठेवता येत नाही. माणसाचा हात लागला की आई टाकते ना, असं काकूंनी मागून विचारायला लावलं. मदतनीस म्हणाली, हातामुळे टाकत नाहीत, माणसं तिथंच घुटमळत राहिली तर मात्र भरवसा नाही.

फोन ठेवला. टेबलावर तीन चोची उघडत होत्या आणि मिटत होत्या. उघडायचं प्रमाण कमी होत होतं.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तो धागा माझा आहे."

"तुझाच असणार. गल्लीत चिमण्यांचं कापडखातं दुसरं कोणी चालवतं का?"

"तसं नाही हो. मला तो दिसत नाही. मला निळा दिसत नाही, राखाडी दिसत नाही. वर्ष झालं."

घड्याळजी वळले. बाहेरच्या खोलीत गेले. काकूंना खण उघडल्याचा, आतल्या पेट्या सरकवल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात डोळ्याला लावायचं भिंग होतं, दुकान बंद झाल्यापासून फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. ते म्हणाले, "चष्मा काढ, हे लाव. आणि वर्ष नाही, सव्वा वर्ष. रिळाच्या तळाची चिठ्ठी वाचून तू रंग ठरवतेस, ते मी बघतो ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू घाबरली असतीस."

दुसऱ्या वेळी काकू हसल्या असत्या. आत्ता त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. पापणीत ते धरायला जमेना, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा बसलं. टेबल एकदम वर आलं. पिल्लाच्या कातडीखालची निळी शीर दिसली, पिसांच्या नळ्या दिसल्या. धागा दिसला नाही.

मात्र एवढं त्यांना माहीत होतं. पारदर्शक धागा उसवायचा असला की त्या काळं कापड खाली घालायच्या आणि शिंप्याचा खडू चुरून त्याची भुकटी बोटानं वर फिरवायच्या. धागा पांढरा होऊन वर येतो. त्यांनी घड्याळजींना काळं अस्तर काढायला सांगितलं. खडू स्वतः चुरला. भुकटी फुंकरीनं घरट्यावर सोडली, आणि हळूहळू ते वर आलं. कोळिष्टकासारखं. एकेरी नाही, दुहेरी नाही, सगळ्या घरट्यात, सगळ्या पायांत. त्यांच्या हातचं. त्यांनी तोंडावर हात दाबला.

"सोपं असेल ते पिल्लू घे आधी," घड्याळजी म्हणाले.

काकूंचा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. घड्याळजी धरतो म्हणाले, पण त्यांचे तळवे पुढे आले तेच कापत आले, आणि कापणाऱ्या हातातल्या पायावर कात्री चालवणं म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. काकूंना मुठीतून लोंबणारी मान दिसत होती. पिवळी नव्हती ती आता, बिनपिसांची होती.

"माझ्या हाताला गुण नाही," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे नवऱ्याला पहिल्यांदाच सांगितलं.

घड्याळजींना आत्या माहीत नव्हती, कोंबडीचं पिल्लू माहीत नव्हतं. ते गोंधळले. म्हणाले, "जुनी रेशमी साडी कशी धरतेस तू?"

विरलेलं रेशीम धरायची एक रीत असते. ताणलं तर फाटतं, सैल सोडलं तर चुरगळून सुई भलतीकडे जाते. बोटांनी त्याला फक्त जागा द्यायची. धरायचं नाही आणि सोडायचंही नाही. हे काकूंना कोणी शिकवलं नव्हतं, शेकडो साड्यांनी शिकवलं होतं. त्यांनी डावा हात पिल्लाखाली सरकवला. ते गरम होतं. इतकं गरम असेल अशी त्यांची कल्पना नव्हती. आणि तळहातावर काहीतरी इतक्या वेगानं धडधडत होतं की ठोके वेगळे मोजता येईनात. आयुष्यात पहिल्यांदा काकूंहून जास्त घाबरलेलं कोणीतरी त्यांच्या हातात होतं.

मूठ मिटायला लागली. त्यांना ते कळलं. त्यांनी ती उघडली, पुन्हा जागा दिली.

पहिल्या पिल्लाला दोनच वेढे होते. दुसऱ्याचा पंख अडकला होता, तो सोडवताना एक पीस आलं, पण रक्त नव्हतं. तिसरं ते लटकलेलं. त्याच्या पायात, पंजाच्या जरा वर, धागा मांसात रुतला होता आणि खालची बोटं काळी-निळी पडली होती. तिथं कात्री शिरत नव्हती. काकूंनी सगळ्यात बारीक सुई घेतली, टोकाकडून नाही, नेढ्याकडून. बोथट बाजू वेढ्याखाली घातली, कापडातला एक धागा उचलतात तशी उचलली, आणि सुईच्या अंगावरच धागा कापला. एक वेढा. घड्याळजी दिवा धरून होते. दिवा कापत होता, सावल्या कापत होत्या. शेवटी काकूंनी न बघताच सांगितलं की तो टेबलावर ठेवा. दुसरा वेढा. तिसऱ्याला रक्ताचा थेंब आला, खसखशीएवढा. पिल्लानं चोच उघडली आणि आवाज केला नाही. काकू थांबल्या. ओढायचं नाही, ओढायचं नाही, असं पुटपुटत त्यांनी चौथा कापला.

पाय सुटला. पंजा मात्र तसाच लोंबत राहिला.

खडू लागलेला धागा न धागा उपसून त्यांनी घरटं मोकळं केलं, पिल्लं आत ठेवली, घड्याळजींनी पेटी टांगली. अकरा वाजून गेले होते. दोघं जाळीमागे उभी राहिली. चिमणी कुठंच नव्हती. पाच मिनिटांनी भाऊजी येऊन भिंतीवर बसले आणि मान वाकडी करून पेटीकडे बघू लागले. इतकी वर्षं त्याला रोज भाकरी घातली त्याचं काकूंना आता काहीच वाटेना. त्यांना फक्त त्याची चोच दिसत होती. त्या दार उघडायला निघाल्या. घड्याळजींनी दंडाला धरून त्यांना बाहेरच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं. घुटमळायचं नाही असं ती बाई म्हणाली आहे म्हणाले.

तिथून अंगण दिसत नव्हतं. खोलीत भिंतीवर सात घड्याळं होती, सातही चालू. काकूंना प्रत्येकाची टकटक वेगळी ऐकू येत होती. सव्वाअकरा. साडेअकरा. तीन चोची किती वेळ वासल्या राहतील याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू होता. बोटांना खडू होता, खडूत रक्ताचा ठिपका. पावणेबारा.  काकूंना मनात आत्या म्हणताना ऐकू येत होती, बघ, मी सांगितलं होतं.

बाराला पाच कमी असताना मागून आवाज आला. बारीक, भांडखोर, एकावर एक चढलेला. तिघांचा. असा आवाज पिल्लं आपापसांत करत नाहीत. दारात चोच दिसल्याशिवाय करत नाहीत.  काकू बसल्या जागी ऐकत राहिल्या. आवाज थांबला, थोड्या वेळानं पुन्हा उठला, पुन्हा थांबला. घड्याळजी उठून एका घड्याळाची किल्ली फिरवू लागले. त्याला किल्लीची गरज नव्हती.

तिसऱ्या पिल्लाचा पंजा आठवड्याभरात वाळून गळून पडला. ते उडालं मात्र, बाकीच्यांच्या दोन दिवस मागून. आता परडीच्या फांदीवर येऊन बसतं, एका पायावर, वाऱ्यात जरा जास्त हलतं. परडी रिकामी असते. काकूंनी रीळ ड्रायक्लीनरला परत केलं आणि मला रंग दिसत नाहीत हे त्याच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. 

डोळ्यांच्या डॉक्टरनं मोतीबिंदू आहे, काढायला हवा म्हणून तारीख दिली. तेव्हापासून काकू नीट जेवत नाहीत. डॉक्टरच्या हाताला गुण आहे का, हे त्यांनी घड्याळजींना आतापर्यंत पाच वेळा विचारलं आहे. ते दर वेळी सांगतात, तुझ्या निम्मा असला तरी पुरे. काकू मान हलवतात, त्यांना पटलेलं नसतं. मग उठून दाराची कडी तीनदा ओढून बघतात, आणि अंगणात जाऊन चौथ्यांदा, पेटीच्या दाराची.